पुणतांब्याच्या होडीतलं भाषण

लग्न झाल्यावर चार-पाच महिने मी माझ्या बायकोशी बोललो नव्हतो.

भांडण वगैरे काही नव्हतं. भांडायला तरी बोलावं लागतं! अडचण जागेची होती. भिंगारला आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत अण्णा (म्हणजे माझे वडील), मी आणि अण्णांचा खोकला. आतल्या खोलीत आत्या आणि कमल. कमल म्हणजे माझी बायको. दोन खोल्यांच्या मधे एक दार, आणि त्या दारात आत्या. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून या बालविधवा आत्यानंच मला वाढवलं. जागी असली की ती दारात बसून तांदूळ निवडायची, आणि झोपली की त्याच दारात आडवी व्हायची. लढाईचे दिवस होते, भिंगारच्या कॅम्पात जागोजागी संगिनी घेतलेले शिपाई उभे असत. पण आमच्या दाराइतका कडक पहारा तिथं कुठंच नव्हता.

अगदीच बोललो नव्हतो म्हटलं तर खोटं होईल. ‘पाणी.’ ‘हं.’ ‘टॉवेल?’ ‘खुंटीवर.’ एवढा संवाद रोज व्हायचा. एकदा मी जिवाचा धडा करून म्हणालो, “आमटी छान झालीय.” कमलच्या ओठांवर काहीतरी येतंय तोच दारातून आवाज आला, “मीच केलीय!”

माझा सगळा आनंद मग रविवारी. मी कॅम्पातल्या स्टोअरच्या कचेरीत कारकून. शेजारच्या टेबलावर वसंता. तो इतका लाजाळू, की बाईमाणूस समोर आलं तर स्वतःच्या चपलांशी बोलायचा. तिसरा हमीद, भिंगारच्या बाजारात त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नाआधीपासून आमचा तिघांचा नेम होता : रविवारी सकाळची पॅसेंजर पकडायची आणि मनात येईल त्या गावी उतरायचं. कधी वांबोरीच्या गल्ल्यांतून नुसतं हिंडायचं. कधी राहुरीला उतरून, बैलगाडी मिळाली तर तिनं, नाही तर पायी देवळाली प्रवरा गाठायचं. कालव्याच्या कडेनं, उसाच्या सावलीतून. तिथं एखाद्या गुऱ्हाळावर बसलं की कुणीतरी न विचारता भाकरीवर गरम काकवी वाढायचं. आणि सगळ्यांत लांब म्हणजे पुणतांबे. गोदावरीचा घाट, दगडी पायऱ्या, पाण्यात सोडलेले पाय, आणि तिघांत मिळून एक विषय. तो विषय संपला की गाडीची वेळ.

गावं साधीच होती. पण त्या वयात संध्याकाळी परत येताना असं वाटायचं, की आपण काहीतरी तिथंच विसरून आलोय. लग्न झाल्यावर काय विसरलोय ते मला कळलं. घाटावर बसलो की वाटायचं, कमल इथं असायला हवी होती. ती बार्शीकडच्या एका कोरड्या गावातली. तिच्या गावाला विहिरी होत्या, नदी नव्हती. एका रविवारी मी घरी आलो, जेवायला बसलो, आणि ताट वाढता वाढता ती अगदी हळू म्हणाली, “तिथली नदी फार मोठी आहे का हो?”

लग्नानंतरचं तिचं माझ्याशी बोललेलं ते सगळ्यांत मोठं वाक्य! मी उत्तराला तोंड उघडलं.

“कोण बोलतंय?” दारातून आत्या.

“कुणी नाही,” मी म्हणालो आणि भात कालवला.

दुसऱ्या दिवशी हमीदच्या दुकानात मी हे सगळं सांगितलं. डोळ्याला भिंग लावून तो कुणाच्या तरी मनगटी घड्याळात शिरला होता. तिथूनच म्हणाला, “मग भाभींना घेऊन चल की पुणतांब्याला. आम्ही दोघं लांब बसतो.”

“घरी काय सांगू?”

शेजारी बसलेला वसंता म्हणाला, “कार्तिक चाललाय. कार्तिकस्नान म्हणून सांग. देवाधर्माला कोण नाही म्हणणार?”

आयुष्यात वसंतानं मला दिलेला हा एकच सल्ला, आणि तो मी मानला!

रात्री जेवताना मी सहज सुचल्यासारखं म्हणालो, “या रविवारी… म्हणजे कार्तिक आहे ना… हिला गंगेचं स्नान घडवून आणावं म्हणतो.” आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

आत्याच्या हातातला तांदूळ सुपात पडला. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

“दिगू,” ती म्हणाली, “किती वर्षं झाली रे माझं गंगास्नान होऊन! मी पण येते.”

यावर ‘नको’ म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आत्या निघाली म्हणून अण्णा निघाले. (“ती घसरली बिसरली तर?”) अण्णा निघाले म्हणून त्यांचा खोकला निघाला, आणि खोकला निघाला म्हणून काढ्याची बाटली. ही बातमी आत्यानं शेजारच्या काकूंना सांगितली. काकू निघाल्या. काकू निघाल्या म्हणून काका, आणि काकांना एकटं करमत नाही म्हणून त्यांचे दोन भजनी दोस्त. ज्यांना यायला जमणार नव्हतं त्या बायकांनी गंगेचं पाणी आणायला आपापली भांडी पाठवून दिली. रविवारी पहाटे आमच्या दारासमोर तांबे, कळश्या, चरव्या आणि झाकणाचे डबे असे काही रचून ठेवले होते, की येणारे-जाणारे भाव विचारत होते.

टांगेवाला म्हणाला, “भांडी बसली तर मानसं न्हाई बसायची. मानसं बसली तर भांडी न्हाई. काय ते ठरवा.”

भांडी बसली. माणसं नगर स्टेशनापर्यंत चालत आली.

स्टेशनावर लढाईच्या दिवसांतली ती पाटी होती : गरज नसेल तर प्रवास टाळा. अण्णांनी ती मोठ्यानं वाचली, मग त्या सगळ्या लवाजम्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाटीकडे पाहिलं.

गाडी आली आणि माझ्या लक्षात आलं, की बायकांचा डबा वेगळा असतो! इतकी वर्षं तीन पुरुष हिंडत होतो. डोक्यातच आलं नव्हतं. कमल कळश्यांमागून त्या डब्यात दिसेनाशी झाली. पण मी हार मानली नाही. विळदला गाडी थांबली तसा तांब्या भरून बायकांच्या डब्याकडे धावलो. खिडकीत आत्या. तिनं पाणी प्यायलं. वांबोरीला धावलो. खिडकीत आत्या. ती पुन्हा प्याली. राहुरीला चांगली दहा मिनिटं गाडी उभी होती. मी डब्याच्या दुसऱ्या बाजूनं वळसा घालून, रुळांवरून उड्या मारत, पलीकडच्या खिडकीशी गेलो. तिथंही आत्या!

“दिगू, अरे किती पाणी पाजशील?” ती म्हणाली. “नदीवरच निघालोय ना?”

बेलापूर स्टेशन, म्हणजे आत्ताचं श्रीरामपूर, गेलं. गुळाच्या ढेपांचा वास डब्यात शिरला आणि तसाच निघून गेला. मी बाकावर बसून एक भाषण पाठ करत होतो. आधीचे तीन दिवस कचेरीत, स्टोअरचे कागद पुढ्यात ठेवून, मी ते मनात तयार केलं होतं. म्हटलं, निवांत वेळ मिळणार नाही, मिळेल तो घोटभर मिळेल. तेव्हा काय बोलायचं ते आधीच ठरलेलं बरं.

पुणतांब्याला उतरून सगळी वरात घाटावर गेली. कार्तिकाचं ऊन मऊ होतं. पाणी निवळशंख. कमल पायऱ्यांवर आली आणि थांबली. नुसती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे बघत राहिली, जसं एखादं मोठं घर आतून बघावं. मी लांबून तिला बघत होतो. इतकं चालून, पळून, तांबे भरून, मला जे हवं होतं त्यातलं अर्धं तिथंच मिळालं. पण माणसाला उरलेलं अर्धं पण हवं असतं!

हमीदनं सूत्रं हातात घेतली. “होडी ठरवलीय. तू जाऊन बस. अण्णांना मी सांभाळतो. वसंता, तू भाभींना होडीकडे पाठवून दे.”

अण्णांना त्यानं कसं सांभाळलं, तर त्यांचं खिशातलं घड्याळ “जरा मंद वाजतंय” म्हणून मागून घेतलं, आणि घाटावर रुमाल पसरून त्याचा एकेक भाग सुटा करून मांडला. अण्णा त्या रुमालाशेजारी असे बसले, जसं कुणी आपल्या माणसाच्या ऑपरेशनला बसतं. वारा आला की दोन्ही हातांनी आडोसा करायचे. खोकायलासुद्धा बाजूला जायचे.

इकडे वसंता बायकांच्या घोळक्याकडे गेला. आता लाजाळू माणसाला हे काम सांगणं ही आमची चूक. तिचं नाव कसं घ्यायचं? ‘वहिनी’ म्हणायचं तर तिथं सगळ्याच कुणाच्या ना कुणाच्या वहिनी. त्यानं आपल्या चपलांकडे बघून जाहीर केलं, “दिगूनं बोलावलंय. होडीत बसायला. एकीलाच.”

“एकीलाच?” आत्या उठली. “म्हणजे मलाच!”

आत्या उठल्यावर कमल कशी उठणार? हे सगळं मला नंतर कळलं. मी होडीच्या टोकाला, नदीकडे तोंड करून बसलो होतो. समोरासमोर पाहिलं तर पाठ केलेलं सगळं विसरेन अशी मला धास्ती होती. मागं होडी हलली. नावाडी म्हणाला, “बसा आक्का, नीट बसा. आता हलू नगा.” वल्ह्याचा आवाज. होडी पाण्यात सरकली. घाटावरची कुजबुज मागं पडली. वारा समोरून येत होता, म्हणून मी जरा मोठ्यानंच सुरुवात केली.

“घरात मला तुझ्याशी बोलता येत नाही,” मी नदीला उद्देशून म्हणालो. “पण मनात दिवसभर तुझ्याशीच बोलत असतो. रविवारी या घाटावर येतो तेव्हा वाटतं, हे पाणी तू बघायला हवं होतंस. तुझ्याशिवाय बघितलेलं सगळं मला अर्धंच वाटतं.”

मागं वल्हं थांबलं. मग आवाज आला,

“अरे मेल्या, मग बोल की! दारातच तर बसलेली असते मी!”

मी वळलो. वळलो तो इतक्या जोरात, की होडी कलंडता कलंडता राहिली आणि माझी टोपी गंगार्पण झाली. समोर आत्या. लाल आलवणाचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, दोन्ही हातांनी होडीची कड धरलेली.

“सायेब,” नावाडी गहिवरून म्हणाला, “लई जीव हाय हो तुमचा आत्याबाईंवर! असा भाचा आमी पाह्यला न्हाई.”

मी टोपीकडे बघत राहिलो. ती कोपरगावच्या उलट्या दिशेनं शांतपणे चालली होती, आणि मला तिचा हेवा वाटत होता.

आत्यानं पाण्यात बोटं बुडवली. म्हणाली, “आमचं लग्न झालं तेव्हा मी केवढीशी होते. हे वारले तेव्हासुद्धा केवढीशीच होते. मला त्यांनी एकदाच काहीतरी विचारलं. ‘आंबा खाल्लास का?’ म्हणून. मी लाजून ‘नाही’ म्हटलं. खाल्ला होता रे! म्हटलं, नंतर सांगू, खाल्ला होता म्हणून. ते सांगायचं राहूनच गेलं.”

मला आत्याची चाळीस वर्षांत न बोललेली गोष्ट पहिल्यांदा ऐकू येत होती, आणि मी बिनटोपीचा, तोंड वासून बसलो होतो.

“हे भाषण माझ्यासाठी नव्हतं ना?” तिनं विचारलं.

मी मान हलवली. कुठल्या बाजूनं हलवली ते मलाही कळलं नाही.

“मी म्हातारी झालेय, वेडी नाही झाले,” आत्या म्हणाली. “बाबा, वळव रे होडी.”

घाटावर उतरल्यावर ती एका शब्दानं काही बोलली नाही. जेवणं झाली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात. काकू माझ्याकडे बघून सारख्या डोळे पुसत होत्या. मला वाटलं, चटणी तिखट झाली असेल. हमीदनं अण्णांचं घड्याळ जोडलं, तेव्हा एक बारीकसा स्क्रू रुमालावर उरला, आणि घड्याळ बंद पडलं ते पडलंच. अण्णांनी हमीदला काही म्हटलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दिवसभर जे काही व्हायचं, त्याच्यानंतर ते माझ्याकडे पाहायचे.

दुपार कलली तशी आम्ही भरलेली भांडी सांभाळत स्टेशनाकडे आलो आणि बाहेर लिंबाच्या सावलीत बसलो. एवढ्यात आत्या म्हणाली, “अगंबाई! माझी कळशी घाटावर राहिली!”

“मी आणतो,” वसंता उठला.

“तू बस. तुला कुठली माझी कळशी ओळखू येणार? कमलला माहितीये. दिगू, तू जा तिच्याबरोबर.”

“गाडी?” अण्णांनी विचारलं.

“पुष्कळ वेळ आहे गाडीला,” आत्या म्हणाली. अण्णांनी खिशातून घड्याळ काढलं, पाहिलं, पुन्हा खिशात ठेवलं.

आम्ही दोघं निघालो. मी पुढं, कमल मागं. एवढा रस्ता, एवढी शांतता, आणि मी काय बोललो? काही नाही! कारण भाषण आत्याला देऊन बसलो होतो, आणि दुसरं तयार नव्हतं. घाट पायरी पायरीनं शोधला. कळशी नाही. नावाडी म्हणाला, “कळशी तर आत्याबाईंच्याच कडंवर हुती. म्या पाह्यली की.” तेवढ्यात स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली.

आम्ही पळालो. आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा गाडी हलली होती. पुरुषांच्या डब्यातून अण्णा अर्धे बाहेर वाकून ओरडत होते, “दिगू! गाढवा!” हमीद पंचा हलवत होता, निरोपाला हलवतात तसा. आणि बायकांच्या डब्याच्या खिडकीत आत्या बसली होती. मांडीवर कळशी. तिनं आमच्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं, आणि खिडकीची झडप खाली ओढून घेतली.

गाडी गेली. फलाटावर आम्ही दोघं, एक कुत्रं, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंतचा सगळा वेळ.

ज्या वेळासाठी मी महिनेच्या महिने तळमळलो, तो वेळ समोर येऊन बसला होता. मी बाकावर बसलो. कमल बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मधे आणखी दोन आत्या बसल्या असत्या एवढी जागा. मी घसा साफ केला. पुन्हा केला. आणि म्हणालो,

“ही गाडी बहुतेक वेळेवर येते.”

“हो?” कमल म्हणाली.

“हो. कधी कधी उशिरा येते.”

“अच्छा.”

कुत्र्यानं जांभई दिली. मग कमल खाली मान घालून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, अगदी हळू म्हणाली, “तुझ्याशिवाय बघितलेलं सगळं मला अर्धंच वाटतं.”

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. “तुला… आत्यानं सांगितलं?”

“पाण्यावरून आवाज फार लांब येतो,” ती म्हणाली. “सगळ्या घाटानं ऐकलं. काकू तर रडल्याच. म्हणाल्या, आत्यावर इतकी माया करणारा मुलगा शोधून सापडायचा नाही.”

“आणि अण्णा?”

“ते म्हणाले, ‘गाढव.’”

आणि ती हसली. तोवर तिचं हसू मी फक्त पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं. ते ऐकल्यावर मला वाटलं, एवढं हसू असेल तर आणखी चार टोप्या नदीत गेल्या तरी हरकत नाही.

“मी असते ना होडीत,” ती म्हणाली, “तर ‘मेल्या’ नसतं म्हटलं.”

“मग काय म्हटलं असतंस?”

तिनं विचार केला. “‘हं’ म्हटलं असतं.”

आम्ही परत घाटावर गेलो. नावाडी भाकरी खात होता. मला पाहून त्यानं घास खाली ठेवला.

“आता ह्या कोन?”

“बायको.”

“आन् बोलनं त्येच हाय, का दुसरं?”

पण मला बोलायची पाळी आलीच नाही. होडी नदीत गेली आणि कमल जी सुरू झाली! तिच्या गावच्या विहिरी, तिच्या भावंडांची भांडणं, अण्णांच्या खोकल्याला ती पहिल्यांदा कशी घाबरली, मी झोपेत दात खातो हे तिला दाराआडून ऐकू येतं, कचेरीत जाताना मी रोज उलटा कोट घालून मग सुलटा करतो, आणि हो, ती आमटी तिनंच केली होती. इतके दिवस साठलेलं सगळं ती त्या पाण्यावर ओतत होती. मी एवढंच केलं, की जिथं जिथं जागा मिळाली तिथं ‘हं’ म्हटलं. ऊन पिवळं झालं, मग तांबूस. मला आठवतं, मनात म्हटलं होतं, की ही होडी काठाला लागूच नये. काठाला लागली. लागतातच.

संध्याकाळच्या गाडीत गर्दी नव्हती. आम्ही एकाच डब्यात, एकाच बाकावर बसलो. तसं बसणं त्या काळी धाडसच! बेलापूर गेलं, राहुरी गेलं. बोलता बोलता कमलची मान कलली आणि माझ्या खांद्यावर आली. झोप लागली तिला. मी श्वास बेतानं घ्यायला लागलो. वांबोरीला माझ्या हाताला मुंग्या आल्या. विळदला हात आपला आहे की दुसऱ्याचा, ते कळेना. मी हललो नाही. मग नगर आलं. नगरचे दिवे आले, फलाट आला, हमाल आले. मी सगळं पाहिलं. उठवायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, आत्ता उठवली की ती उठेल, पदर सावरेल, टांग्यात बसेल, आणि उद्या सकाळी पुन्हा ‘टॉवेल?’ ‘खुंटीवर.’

गाडी सुटली. आम्ही आतच.

पुढच्या अकोळनेरला उतरलो आणि कुणाच्या तरी कडब्याच्या गाडीतून भिंगारला पोचलो. दोघांच्या केसांत कडबा. अण्णा दारात उभे होते. “नगर स्टेशन दिसलं नाही तुम्हाला? केवढं मोठं आहे ते!”

“झोप लागली,” मी म्हणालो.

“दोघांनाही?”

“दमली असतील पोरं,” मधल्या दारातून आत्या म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं अंथरूण दारातून उचलून आत चुलीपाशी घातलं. म्हणाली, दारात गार वारा लागतो. इतक्या वर्षांनी लागायला लागला!

माझ्या कीर्तीचं मात्र विचारू नका. काकूंनी साऱ्या भिंगारभर सांगितलं, आणि पुढच्या रविवारपासून आमच्या दारात म्हाताऱ्या जमायला लागल्या. “दिगू, तुझ्या आत्याला जसं होडीत बसवलंस तसं मला पण बसव रे.” त्या हिवाळ्यात मी आळीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांना गंगास्नान घडवलं. कमल दर वेळी बरोबर असायची, म्हणून मी एकीलाही नाही म्हटलं नाही. वसंता भांडी मोजायचा, हमीद होडीवाल्याशी घासाघीस करायचा, आणि परतीच्या वाटेवर आम्ही चौघं मागं रेंगाळत यायचो. पुढं लढाई संपली, स्टोअरची कचेरी उठली. वसंताची बदली लांब झाली. हमीदनं दुकान विकून मुंबईला भावाकडे बिऱ्हाड नेलं. जाताना त्यानं अण्णांचं घड्याळ चालू करून दिलं होतं; ते रोज तासभर पुढं जायचं. तसे रविवार मग आले नाहीत. रविवार येतो अजूनही, अगदी न चुकता. पण येतो आणि नुसता बसून राहतो.

आमच्या मुलीचं लग्न ठरलं त्या वर्षी, एका संध्याकाळी, मी कमलला त्या परतीच्या गाडीचं खरं सांगून टाकलं. म्हटलं, मी झोपलो नव्हतो. नगर आलेलं मला दिसलं होतं. तुझी झोप मोडवेना, म्हणून हललो नाही.

कमलनं हातातली पालेभाजी खाली ठेवली.

“अहो, मी कुठं झोपले होते?” ती म्हणाली. “राहुरीपासून जागी होते. मान इतकी अवघडली होती माझी! पण तुम्ही जागचे हलेनात. म्हटलं, यांना बसल्या बसल्या झोप लागली असेल, उगाच कशाला मोडा. म्हणून मी पण पडून राहिले. पुढं चार दिवस मान वळत नव्हती.”

आता कमलही नाही. पण कधी बसल्या बसल्या उजव्या हाताला मुंग्या आल्या, तर मी तो हात अजून हलवत नाही. आणि मग माझं मलाच हसू येतं. जिच्याशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून मी साऱ्या भिंगारची भांडी गोदावरीवर नेली, तिला त्या गाडीत ‘जागी आहेस का गं?’ एवढं विचारायचं काही मला सुचलं नाही!